बांबू कापायच्या आधी रांझी मोजा

मी 31 वर्षं जंगल खात्यात काढली. वनरक्षक म्हणून लागलो, क्षेत्र सहायक म्हणून निवृत्त झालो, आणि सगळी नोकरी गडचिरोली जिल्ह्यातच झाली. आता माझ्या गावच्या ग्रामसभेच्या वन व्यवस्थापन समितीत बसतो. जिल्ह्यातल्या गावांना सामूहिक वनहक्क मिळत गेले, तशी आजूबाजूच्या गावांतली पोरं घरी येऊ लागली. पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काका, ठेकेदार भाव सांगून गेला. टेंडर कसं काढायचं?" मी विचारतो, तुमच्या रांझीत (बांबूच्या बेटात) यंदाचे कोंब किती निघाले? पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

म्हणून हे लिहितो आहे. किती कापायचं हा आकडा ठेकेदाराच्या ट्रकवरून निघत नाही, गावाला पैसे किती हवेत यावरूनही निघत नाही. रांझीत काय सोडायचं आहे, यावरून तो निघतो. आधी सोडायचं ठरवा. उरेल ते कापा.

नोकरीच्या सुरुवातीला मी याच्या उलट बघितलं. तेव्हा बांबू मोठ्या कंत्राटावर जायचा आणि मजुराला नगावर पैसे मिळायचे. त्यामुळे रांझीच्या बाहेरचा, हाताशी येईल तो बांबू कमरेएवढ्या उंचीवर तोडायचा आणि पुढच्या रांझीकडे जायचं, अशी कटाई चाले. मधले जुने बांबू गुंतून, वाळून तसेच उभे राहत. आता कोंब येतो तो वर्ष-दोन वर्षांच्या बांबूच्या कंदातून, आणि असे बांबू रांझीच्या बाहेरच्या बाजूला असतात. तेच गेले की पुढच्या पावसाळ्यात बोटाएवढे, वाकडेतिकडे कोंब येतात. मजुराचा त्यात दोष नव्हता, त्याला पोट होतं. मी अहवाल लिहिले, पण थांबवू शकलो नाही. त्या रांझ्या मला आजही जागेसकट आठवतात.

कायद्याचं थोडक्यात

जमीन सरकारी आहे, राखीव किंवा संरक्षित जंगलच आहे. पण 2006 च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्काच्या क्षेत्राचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन ग्रामसभेच्या हाती दिलं. याच कायद्यानं बांबू गौण वनउपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या इतर उपजात धरला, त्यामुळे त्याची मालकीही गावाची. आमच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ही वाट पाडली. 27 एप्रिल 2011 ला तिथल्या ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं. मी तेव्हा नोकरीत होतो. ज्या परवान्यावर आयुष्यभर खात्याचा शिक्का बघितला, त्यावर गावाचा शिक्का बघताना पोटात काहीतरी हललं. पुढे 2012 च्या नियमदुरुस्तीनं हे सगळ्याच गावांसाठी पक्कं केलं: परवाना ग्रामसभेच्या समितीनं द्यायचा, त्यावर फी नाही.

त्याच नियमांत एक वाक्य आहे, ते पोरं वाचत नाहीत. समितीनं क्षेत्राच्या संवर्धनाचा आणि व्यवस्थापनाचा आराखडा करायचा आहे. हक्क मिळाला म्हणून हे काम टळत नाही, उलट आता ते आपल्याच अंगावर आलं आहे. आराखडा मंजूर करणाऱ्या सभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया हव्यात. हे कागदापुरतं करू नका. कुठल्या नाल्यात वास्ते (खायचे कोवळे कोंब) निघतात, कुठली रांझी सुकत चालली आहे, हे बायांना पुरुषांपेक्षा जास्त माहीत असतं. आमच्या नकाशावरचं सगळ्यात मोठं चुकलेलं ठिकाण एका आजीनं दुरुस्त केलं. खात्याच्या नकाशात जिथे बांबू दाखवला होता, तिथे 20 वर्षांत बांबू नाही हे तिनं सांगितलं. जाऊन बघितलं, तर खरंच नव्हता.

सागवानाचा प्रश्नही नेहमी येतो. सागवान आणि इतर इमारती लाकूड गौण वनउपजात येत नाही. त्याची कटाई खात्याच्या कार्य आयोजनेप्रमाणे (कटाईच्या आराखड्याप्रमाणे), कूप म्हणजे कटाईचे भाग पाडून, छातीइतक्या उंचीवर म्हणजे 1.37 मीटरवर गोलाई मोजून आणि हातोड्याची छाप मारूनच होते. ग्रामसभेनं सागवान विकायच्या भानगडीत पडू नये. मात्र तुमच्या क्षेत्रात खात्याचं कूप पडत असेल तर आधी आराखडा समोर ठेवून बोलून घ्या. एक गोष्ट आग्रहानं सांगा: सागाचा बुंधा जमिनीलगत, उतरता आणि साल न सोलता कापला गेला पाहिजे. तसा कापला तर खोडाला जमिनीपासून सरळ फुटवा येतो. उंच ठेवला तर फुटवा वरून येतो आणि वाऱ्यानं फाटतो.

कूप पाडणं

आमच्याकडचा बहुतेक बांबू मानवेल आहे, त्याला चार वर्षांचा फेरा ठेवा. काही ठिकाणी तीन वर्षांचा ठेवतात. माझं मत चारच्या बाजूचं आहे, कारण तीन वर्षांत नवीन बांबू कसाबसा पिकतो आणि गावाला हात आखडता घ्यावा लागतो. समजा, तुमचं क्षेत्र 480 हेक्टर आहे. त्याचे चार कूप करा, दरवर्षी एक कापा. कुपाच्या हद्दी नाल्यानं, टेकडीच्या धारेनं, बैलगाडीच्या वाटेनं घ्या. कागदावर पट्टीनं ओढलेली रेघ जंगलात कुणालाच सापडत नाही. मग कटाईच्या दिवसांत मजूर दुसऱ्या कुपात शिरतो आणि भांडण होतं.

चारही कूप बरोबर 120 हेक्टरचे व्हायला हवेत असं नाही. दाट बांबूचा कूप लहान ठेवा, विरळ बांबूचा मोठा.

कुपातून काही जागा कायमच्या वगळा. नाल्याच्या दोन्ही काठांचा पट्टा, देवाची जागा, तीव्र उतार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्या गावानं बांबूच्या विक्रीवर आपलं उत्पन्न उभं केलं, आणि जंगलाचा एक भाग अजिबात न कापता राखायचा ठरावही केला. तेंदू तोडणीसाठी झाडं छाटावी लागतात, आगी लागतात, म्हणून हातात येणारा तेंदूचा पैसाही सोडला. मी प्रत्येक गावाला तेंदू सोडा म्हणणार नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण वगळलेली जागा प्रत्येक गावानं ठेवावीच.

मोजणी

मोजणी ऑक्टोबरमध्ये करा. पाऊस उघडलेला असतो, यंदाचे कोंब पूर्ण उंचीला गेलेले असतात आणि गवत अजून पेटण्यासारखं वाळलेलं नसतं. दोन दोर लागतात, एक 50 मीटरचा आणि एक 20 मीटरचा. सोबत खडू, वही आणि पाच माणसं. त्यातला एक तरी बुरूड किंवा रोज बांबूत हात असणारा माणूस घ्या.

कुपातून आडव्या रेषेत चालायचं. ठरावीक पावलांवर थांबायचं आणि तिथेच 50 बाय 20 मीटरचा तुकडा आखायचा. दाट बांबू दिसला म्हणून तिथे थांबू नका, विरळ दिसला म्हणून पुढे जाऊ नका. पाय जिथे थांबेल तिथला तुकडा. असा एक तुकडा म्हणजे हेक्टरचा दहावा हिस्सा. 120 हेक्टरच्या कुपात मी निदान 12 तुकडे घेतो. हे कमीच आहेत, 20 झाले तर चांगलं.

प्रत्येक तुकड्यात रांझ्या मोजा, आणि प्रत्येक रांझीतले बांबू वयाप्रमाणे लिहा. इथेच खरं काम आहे. खात्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी तीन शब्द असायचे: यंदाचा तो करला, गेल्या वर्षीचा तो महिला, त्याहून जुना तो पकिया. करला ओळखायला सोपा. अंगावर पांढरट भुकटी, पेरांना टरफलं चिकटलेली, फांद्या जवळपास नाहीत. महिला हिरवागार असतो, फांद्या फुटलेल्या पण बारीक, टरफलं बुडाशीच थोडी उरलेली. पकियाचा रंग मळका, पिवळट, त्यावर बुरशीचे आणि दगडफुलासारखे डाग. शंका आली तर कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोका. कोवळा बांबू भद्द वाजतो, पिकलेला ठणठणीत. पहिल्या दिवशी पोरं चुकतात. तिसऱ्या दिवशी माझ्याआधी सांगतात.

हिशेब

आकडे बघा, म्हणजे रीत कळेल. समजा 12 तुकड्यांत 96 रांझ्या सापडल्या. तुकडे मिळून 1.2 हेक्टर, म्हणजे हेक्टरी 80 रांझ्या. सरासरी एका रांझीत 22 बांबू: 3 करला, 4 महिला, 15 पकिया. पकियातले 3 वाळलेले.

आता सोडायचं ठरवा. करला आणि महिला एकही कापायचा नाही, म्हणजे 7 राहिले. जिवंत पकिया 12 आहेत. त्यातले निदान जितके करला तितके तर ठेवायचेच, आणि मी त्यात दोनाची भर घालतो, वाऱ्यात नव्या कोंबांना टेकू हवा म्हणून. म्हणजे 5 ठेवले. रांझीत 12 जिवंत बांबू उभे राहिले. कापायला उरले 7. वाळलेले 3 वेगळे, ते सरपणाला.

कुपातल्या 120 हेक्टरपैकी बांबू खरा 90 हेक्टरवर आहे असं धरू. 7 गुणिले 80 गुणिले 90, म्हणजे 50,400. इथे थांबून टेंडर काढणारी गावं मी बघितली आहेत. पण ज्या रांझीत दहापेक्षा कमी जिवंत बांबू आहेत तिला हात लावायचा नाही. मोजणीत चारातली एक रांझी अशी निघाली, तर आकडा 37,800 वर येतो. नाल्याचे काठ आणि देवाची जागा वगळली की 35,000. 2021 पासून जिल्ह्यात हत्तींचा कळप फिरतो आहे. तो तुमच्या बाजूला येत असेल तर त्यांनी मोडलेल्या रांझ्या पुन्हा जाऊन बघा आणि अजून उतरा.

या 35,000 मधून आधी गावाचा निस्तार, म्हणजे घरच्या वापराचा बांबू. 70 घरं, घराला 100 नग, म्हणजे 7,000. बुरुडांना लागणारा लांब, सरळ बांबू याच वेळी बाजूला काढा. लिलावानंतर ठेकेदाराकडून मागून घ्यायची वेळ त्यांच्यावर आणू नका, हे मी हात जोडून सांगतो. विक्रीला उरले 28,000 किंवा त्याहून कमी. टेंडरमध्ये हाच आकडा जास्तीत जास्त म्हणून लिहा. "अंदाजे" हा शब्द लिहू नका, त्या एका शब्दातून ट्रक निघून जातो.

कटाई

दिवाळीनंतर सुरू करा, होळीआधी आटपा. थंडीत कापलेल्या बांबूला भुंगा कमी लागतो. शिवाय मार्चमध्ये माणसं मोहावर जातात, मेमध्ये तेंदूवर, मग कूप अर्धवट राहतो. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कटाई पूर्ण बंद. वडसा-आरमोरीकडे वाघाचा वावर आहे, तिथे ऊन चढल्यावर, टोळीनं आणि आवाज करत शिरायचं. एकट्यानं रांझीत वाकायचं नाही.

रांझीत शिरायची एकच बाजू ठेवा. कोंब ज्या बाजूनं वाढत चालले आहेत त्याच्या विरुद्ध बाजूनं शिरा आणि मधले जुने काढत बाहेर या. वरून बघितलं तर रांझी घोड्याच्या नालेसारखी दिसली पाहिजे, एका बाजूनं उघडी आणि तीन बाजूंनी नव्या बांबूंची. बुडाशी एक-दोन पेरं सोडून, वीतभर ते हातभर उंचीवर, पेराच्या नेमकं वर कापा. पेराच्या वर पोकळ वाटी राहिली तर तिच्यात पाणी साचतं आणि कंद कुजतो. कोयत्याला धार हवी, घाव तिरका आणि एकसंध, बांबू चिरता कामा नये. गुंतलेल्या रांझीत कोयता फिरत नाही, तिथे हातकरवत न्या. त्या रांझीला वेळ जास्त लागतो, म्हणून तिची मजुरी वेगळी धरा. सगळीकडे नगावर एकच दर लावला तर गुंतलेली रांझी कुणी साफ करणार नाही, आणि माझ्या तरुणपणी झालं तेच पुन्हा होईल.

समितीच्या दोघांनी रोज कुपात असायचंच. संध्याकाळी 20-20 नगांचे ढीग मोजायचे, वहीत लिहायचे. करला कापलेला सापडला तर त्या दिवशीच, त्या माणसासमोर बोला. परवान्यावर गाडीचा नंबर, नग, कुठून कुठे आणि तारीख. अनुक्रमांक छापलेला, नक्कल गावात. पैसा ग्रामसभेच्या खात्यातच, मजुरीही बँकेतून. पॅन कार्ड आधी काढून ठेवा.

पुन्हा उगवणं

कापलेला कूप दोन पावसाळे चराईला बंद. हा ठराव सोपा नाही. गुरं कुठे जातील याचं उत्तर त्याच सभेत द्यावं लागतं. आमच्याकडे उरलेल्या कुपांत चराई वाटून दिली आणि गुराख्यालाच राखणदाराचे पैसे दिले. जूनच्या पहिल्या पावसाआधी रांझीतला कचरा काढा आणि बुडाला माती चढवा. कंद उघडा पडलेला असेल तर दोन-चार टोपली माती पुरते. फरक पुढच्याच ऑगस्टमध्ये दिसतो.

वास्ते हा आमच्या पावसाळ्यातला जिवाचा पदार्थ आहे, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण नुकत्याच कापलेल्या कुपातून दोन पावसाळे वास्ते आणायचे नाहीत. इतर कुपांत सुरुवातीचे जोमदार कोंब सोडा आणि सप्टेंबरअखेर निघणारे बारके घ्या. ते बहुतेक तसेही मरतात. रानडुक्कर आणि सायाळ आपला वाटा घेतातच, तो धरूनच हिशेब करा.

आग सगळ्यात वाईट. मोहाखाली पाला जाळायची सवय मोडायला आम्हाला चार वर्षं लागली. खराट्यानं झाडून पाला बाजूला ओढायचा, जाळायचा नाही, एवढंच. कुपाच्या भोवती आणि आतल्या वाटांवर फेब्रुवारीच्या मध्याआधी जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढा. विक्रीच्या पैशातला ठरावीक हिस्सा यासाठी लिलावाच्या दिवशीच बाजूला ठेवा, नंतर तो सापडत नाही.

फुलोरा आला तर सगळा आराखडा बाजूला ठेवा. मानवेल कित्येक दशकांतून एकदा फुलतो, आणि कधी कधी पूर्ण पट्टाच्या पट्टा. फुललेली रांझी मरते. घाबरून लगेच कापू नका. बी उन्हाळ्यात पिकून गळू द्या, मग मेलेले बांबू काढा. पावसात जी रोपं उगवतात ती हुबेहूब गवतासारखी दिसतात. मी नोकरीत नवा असताना एका फुललेल्या कुपात गवत चांगलं आलं म्हणून गुरांना मोकळीक दिली. ते गवत नव्हतं. दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या गोंड शेतकऱ्यानं मला उरलेलं एक रोप उपटून त्याचा कंद दाखवला. त्या जागेवर आता रान तुळस आणि टणटणी आहे. असा कूप निदान पाच वर्षं चराई आणि आगीपासून वाचवावा लागतो, आणि कापण्याजोगी रांझी व्हायला आठ-दहा वर्षं तरी जातात.

पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, नागपंचमी ते पोळा या दिवसांत, कापलेल्या कुपात परत जा. दोर तेच, तुकडे तेच. ओळखू यावेत म्हणून मोजणीच्या वेळीच प्रत्येक तुकड्याच्या चार कोपऱ्यांना दगडांची उतरंड रचून ठेवा. फक्त कोंब मोजा. गेल्या वर्षी रांझीला 3 होते, यंदा 4 निघाले तर हात बरोबर चालला. 2 निघाले तर पुढच्या कुपात 7 ऐवजी 5 कापा, आणि ठेकेदाराला दिवाळीआधीच तसं कळवा.